शिसवी कंगवा आणि झाकणावरचे पंधरा आकडे

मी एक जुना शिसवी कंगवा आहे. लांबी एकोणीस सेंटीमीटर. घडवला तेव्हा मला छत्तीस दात होते, आज एकतीस आहेत. मी ज्या पत्र्याच्या डब्यात राहतो, त्यात माझ्याशिवाय दोन पांढऱ्या रिबिनी, केसांच्या सात पिना, शिवणाची एक टेप आणि चार पोस्टकार्डे आहेत. झाकणाच्या आतल्या बाजूला एक कागद चिकटवलेला आहे. त्यावर तारखांसह पंधरा आकडे लिहिले आहेत. पहिले चौदा एका माणसाच्या अक्षरात आहेत, पंधरावा दुसऱ्याच्या. डबा भोपाळच्या आनंद नगरातल्या एका घरात कपाटावर ठेवलेला आहे आणि अकरा वर्षांत तो कोणी उघडलेला नाही. मोजायला माझ्याकडे भरपूर वेळ असतो.

मित्रांनो, मला नागपूरच्या इतवारीतल्या एका कारागिराने घडवले. त्याने दात लाकडाच्या रेषांच्या दिशेने कापले. आडवे कापले असते तर मी पहिल्याच गुंत्यात मोडलो असतो. मग त्याने मला आठ दिवस तिळाच्या तेलात बुडवून ठेवले. शशिकलाबाईंनी मला लग्नाच्या वर्षी विकत घेतले, कारण त्यांच्या केसांना साधा कंगवा पुरत नव्हता. त्यांचे केस भांगापासून टोकापर्यंत एकशे एकवीस सेंटीमीटर होते. उभ्या राहिल्या की टोके गुडघ्याखाली जात.

त्यांचे यजमान नरहरराव भोपाळला विजेची अवजड यंत्रे बनवणाऱ्या सरकारी कारखान्यात कॉइल गुंडाळणारे वाइंडर म्हणून लागले आणि आम्ही पिपलानीतल्या क्वार्टरमध्ये राहायला आलो. त्या प्रवासात पेटीखाली दबून माझा पहिला दात गेला.

एवढे लांब केस एकट्या माणसाला विंचरता येत नाहीत. हात पाठीमागे जेमतेम कमरेपर्यंत पोहोचतो, त्याखालचे केस दिसतही नाहीत. म्हणून रविवारी शिकेकाईने न्हाणे झाले की शशिकलाबाई मागच्या अंगणात स्टुलावर बसत आणि त्यांची मुलगी वसुधा टोके हातात धरून मागे उभी राही. मग जागा बदलत. वसूचे केसही आईवर गेले होते. दहाव्या वर्षीच ते मांडीपर्यंत आले होते. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी आई टेप लावून ते मोजत असे. कारखान्याचा भोंगा, शेजारच्या लीलावतीबाईंचा रेडिओ आणि माझा सरसर आवाज, असे ते रविवार होते.

१९७३च्या जुलैमध्ये शशिकलाबाईंना छातीचा आजार निघाला. नागपूरजवळच्या दवाखान्यात वर्षभर तरी राहावे लागेल आणि मुलांना तिथे नेता येणार नाही, असे डॉक्टरांनी सांगितले. निघताना त्यांनी मला सामानातून बाहेर काढले.

"हा राहू दे इथेच. वसूला लागेल," त्या म्हणाल्या.

"आणि तुला?" नरहररावांनी विचारले.

"मी बघीन तिथे काहीतरी. फक्त एक करा, मी येईपर्यंत हिच्या केसांना कात्री लावू नका. आल्यावर मीच मोजणार आहे."

"मी कापूच देणार नाही," वसू म्हणाली.

मी कोनाड्यात राहिलो. टांगा गल्लीच्या वळणावर गेला आणि बारा वर्षांत पहिल्यांदा मी ज्यांचा होतो ते केस माझ्याजवळ नव्हते.

नरहररावांचे हात कुशल होते. तांब्याच्या कॉइलवर सुती फीत गुंडाळण्यात त्यांचा हात कोणी धरत नसे. प्रत्येक वेढा आधीच्या वेढ्याचा नेमका अर्धा भाग झाकतो, आणि एकही जागा उघडी राहत नाही. पण वेणी त्यांनी कधी घातली नव्हती. ते मला थेट टाळूवर टेकवत आणि खाली ओढत. वसू ओठ दाबून बसे. शाळेत पोहोचेपर्यंत वेणी सुटलेली असे.

ऑगस्टमधल्या पहिल्या रविवारी त्यांनी टेप लावली आणि झाकणावरच्या कागदावर लिहिले : ८२.०. तोच आकडा पोस्टकार्डावर लिहून नागपूरला धाडला. उत्तर आले, त्याच्या शेवटच्या ओळीत विचारले होते, "वसूचे केस आता किती?" चौदा महिन्यांत अशी चारच पोस्टकार्डे आली. चारींची शेवटची ओळ तीच आहे.

दिवाळीच्या सुट्टीनंतर एका बुधवारी नरहररावांना युक्ती सुचली. न्हाऊन ओल्या असलेल्या केसांची त्यांनी घट्ट वेणी घातली आणि तिच्यावर मुळापासून शेंड्यापर्यंत पांढरी रिबीन गुंडाळली. वेढ्यावर वेढा, अर्ध्यावर अर्धा, अगदी कॉइलसारखी. ती वेणी दिवसभर हलली नाही.

"शाळेत काय म्हणाले?" संध्याकाळी त्यांनी विचारले.

"मुलं ओरडली, 'अरे हटो, केबल आ रही है!'"

"मग तू काय म्हणालीस?"

"म्हटलं, छूना मत, करंट लगेगा."

नरहरराव किती दिवसांनी हसले होते, ते मी मोजले नव्हते. पण वेणी त्या रात्री कोणी सोडली नाही. गुरुवारीही नाही, शुक्रवार-शनिवारीही नाही. वसूला विंचरण्याची भीती वाटत होती आणि नरहररावांना तिला दुखवण्याची. दोघांनीही एकमेकांना ते सांगितले नाही. मी चार दिवस कोनाड्यात पडून होतो.

रविवारी रिबीन सोडली तेव्हा आतले केस ओलेच मुरून घट्ट बसले होते. तिन्ही पेड एकमेकांत मिसळून दाबलेल्या लोकरीच्या नमद्यासारखा एकच दोर झाला होता. नरहररावांनी मला मुळाशी लावून जोराने ओढले. माझे तीन दात एकापाठोपाठ एक मोडले. वसू किंचाळली.

आवाज ऐकून लीलावतीबाई कुंपणाशी आल्या. "अहो भाऊजी, हे काय करून ठेवलंत? पोरीचं डोकं आहे की तुमची मोटार?"

"चुकलं माझं, वहिनी."

"आता काही सुटायचं नाही हे. कात्री आणते. खांद्यापर्यंत कापून टाका, वाढतील परत. आजारी बाई तिकडे, तिला काय कळतंय?"

वसूने दोन्ही हातांनी तो दोर छातीशी धरला. "नाही! आई येऊन मोजणार आहे. कापले तर तिला वाटेल आम्ही तिची वाट बघत नव्हतो."

नरहरराव माझे मोडके दात तळहातावर घेऊन उभे होते. मग म्हणाले, "वहिनी, कात्री नको. खोबरेल तेल असेल तर द्या." आणि वसूला म्हणाले, "जळलेली कॉइल उघडताना आम्ही कुठून सुरुवात करतो, माहीत आहे? सगळ्यात शेवटी जो वेढा घातला, तिथून."

"माझं डोकं जळलंय का?"

"नाही. पण शेवटचा वेढा खाली आहे."

त्यांनी टोकाचे दोन बोटे केस वेगळे केले, वर मुठीत घट्ट धरले, म्हणजे ओढ डोक्यापर्यंत जाणार नाही, आणि माझे टोकाचे चारच दात त्यात घातले. ते सुटले की दोन बोटे वर. पुन्हा मूठ, पुन्हा तेल. साडेदहाला सुरू केले, सव्वाचारला मी पहिल्यांदा भांगापासून टोकापर्यंत कुठेही न अडता खाली आलो. मधेच लीलावतीबाईंनी दोघांसाठी पोहे पाठवले होते. ते थंड झाले होते. वसू बसल्या जागी झोपली होती.

त्या दिवसानंतर नरहररावांनी घाई केली नाही. वेणी सैल, केस कोरडे, रोज रात्री सोडलेले. कागदावरचे आकडे दर महिन्याला साधारण सव्वा सेंटीमीटरने वाढत गेले. वसूला मी रोज लागत होतो. तरी मला सांगायला हवे, मी मोकळ्या वेळात एकशे एकवीसचीच वाट बघत होतो. माझ्या दातांमधली अंतरे त्या केसांनी झिजवलेली होती.

पुढची वर्षे थोडक्यात सांगतो. गुलाबी प्लॅस्टिकचे कंगवे घरात आले. वसू शिकायला इंदूरला गेली, तिथेच नोकरीला लागली. नरहररावांच्या निवृत्तीनंतर क्वार्टर सोडले. या घरात येताना माझा पाचवा दात गेला, कुठे ते मला कळले नाही. मला कोणी फेकले नाही आणि कोणी वापरलेही नाही.

मित्रांनो, मला विनवणी एकच करायची आहे. गुंता झाला तर वरून ओढू नका, खालून सुरू करा, आणि वरची मूठ घट्ट धरा. आणि ज्याचा हात स्वतःच्या पाठीपर्यंत पोहोचत नाही, असे कोणी तुमच्या ओळखीत असेल, तर त्याच्या मागे जाऊन बसा. त्याने बोलावण्याची वाट बघू नका.

आता तो दिवस सांगतो. मी तो मुद्दाम शेवटी ठेवला आहे.

शशिकलाबाई शनिवारी संध्याकाळी परत आल्या. बऱ्या झाल्या होत्या. डोक्यावरून पदर घेतलेला होता, तो रात्री जेवतानाही त्यांनी काढला नाही. दुसऱ्या दिवशी पहिला रविवार होता. त्यांनी मागच्या अंगणात स्टूल मांडले, वसूला पुढ्यात बसवले, मला हातात घेतले आणि माझ्या मोडलेल्या दातांवरून अंगठा फिरवला. मग टेप लावली. नरहररावांनी लिहिले : ९७.५.

"आता तू," वसू उठत म्हणाली.

"माझे काय मोजायचे गं?"

"पहिला रविवार आहे ना."

शशिकलाबाई स्टुलावर बसल्या आणि पदर खांद्यावर घेतला.

"तिथे विंचरायला कोणी नव्हतं," त्या म्हणाल्या. "दहा महिने केलं मी जमेल तसं. मग मीच नर्सबाईंना सांगितलं, काढून टाका."

वसू त्यांच्या मागे जाऊन उभी राहिली. तिने मला शिकल्याप्रमाणे टोकाला लावले. जिथे टोक होते, तिथेच मूळ होते. ती विंचरत राहिली, अगदी हळू, वरची मूठ धरायला जागा नव्हती तरी डावा हात तिने तिथेच ठेवला होता. मग मला खाली ठेवून तिने टेप घेतली, भांगाशी धरली, दोनदा पाहिले, आणि पेन्सिल बाबांकडून मागून घेऊन कागदावर चौदाव्या आकड्याखाली लिहिले :

१ सप्टेंबर १९७४. आई. ४.५ सेंमी.