गाणारा पंख

हेमंत सरत आला होता. जतच्या पूर्वेकडचा माळ पिवळ्या, शुष्क, कुसळधारी तृणांनी भरून दूरवर पसरला होता, आणि त्यावर सकाळचं केशरकोवळं ऊन हळूहळू उतरत होतं. आभाळ निळं होतं, निरभ्र होतं. कुणाच्या येण्याजाण्याचं त्याला सोयरसुतक नव्हतं.

माळाच्या मध्यावर, उभ्या लोखंडी दांड्याला धरून, एक रॉकेट उभं होतं. पुरुषभर उंचीचं, रक्तवर्ण, तुळतुळीत. ते मिरजेच्या दस्तगीरभाईंनी बांधलं होतं. चाळीस वर्षं सतारी घडवलेल्या माणसाला साठीत हा नसता उद्योग कुठून सुचला, असं त्यांची सारी गल्ली म्हणत होती.

दस्तगीरभाईंच्या सतारी मैफलीमैफलींतून वाजल्या. नाव वाजवणाऱ्याचं झालं. ती रीतच होती, आणि त्यांची तक्रारही नव्हती. पण आपल्या हातचं एखादं काम आपल्याच नावावर लागावं, एवढी एक इच्छा उतारवयात डोकं वर काढून बसली होती. आज उड्डाण साधलं, तर हौशी रॉकेटकारांच्या मंडळाचं प्रमाणपत्र मिळणार होतं. त्यावर एकच नाव असणार होतं.

नियम साधे होते, आणि निष्ठुर होते. रॉकेट स्वतः बांधायचं. ते वर जावं, पॅराशूट उघडावं, अलगद खाली यावं. आणि उतरल्या क्षणी, काहीही दुरुस्त न करता, पुन्हा उडण्याजोगं असावं.

सहा महिने ते बांधत होते. पुठ्ठ्याची नळी जोडली, पॅराशूटची घडी शंभरदा घातली, शंभरदा उलगडली. मग पंखांची पाळी आली, आणि हात जुन्या वाटेला लागले. सतारीच्या भोपळ्यावरची लाकडी तबली घासावी तसे ते प्लायवूडचे तीन पंख घासत राहिले. घासायचं, टिचकी मारायची, कान लावायचा, पुन्हा घासायचं. लाकूड बोलू लागेपर्यंत हात थांबेनात. आराखड्यातली जाडी केव्हाच मागे पडली. पंख पानासारखे तनू झाले, सुरेल झाले, आणि दस्तगीरभाई स्वतःवरच खूश झाले. वर लाखेचं तांबडं पॉलिश चढलं.

मंडळाच्या परीक्षक वैजयंती केळुसकर यांनी आकडे उलटे मोजले आणि कळ दाबली.

ज्वाला उसळली. धूर उसळला. ते ऋजुदेह, अग्निपुच्छ रॉकेट निळाईत घुसलं, आणि माळभर टाळ्या वाजल्या. त्या गदारोळात दस्तगीरभाईंना वरून एक सूर ऐकू आला. बारीक, थरथरता, चढत गेलेला. आणि एकाएकी तुटलेला.

पंख गात होता. गाणारं लाकूड थरथरतं, आणि एवढ्या वेगात थरथरणारं लाकूड टिकत नाही, हे त्यांना आत्ता कळलं.

उंचावर शुभ्र पॅराशूट फुललं. डुलत, झुलत, रॉकेट कुसळांवर उतरलं.

वैजयंतीबाईंनी ते फिरवून फिरवून पाहिलं. तिन्ही पंख जागेवर होते. पॉलिशला साधा ओरखडा नव्हता. त्यांनी फॉर्मवर नाव लिहिलं.

"अभिनंदन, चाचा."

दस्तगीरभाईंनी एका पंखावर टिचकी मारली. दुसऱ्यावर मारली. तिसरा बद्द वाजला.

"थांबा मॅडम. ह्याला आत चीर गेलीया."

"कुठंय? मला तर दिसत नाही."

"दिसायची न्हाई. पॉलिशच्या खाली हाय."

वैजयंतीबाईंनीही टिचक्या मारून पाहिल्या. "मला तिन्ही सारखेच वाटतात. न दिसणारी चीर मी कशी लिहू? तुम्हीच ठरवा, चाचा."

माळावर माणसं पुष्कळ होती; तो सूर एकाच माणसाने ऐकला होता. गप्प बसायला काहीच मोल पडत नव्हतं. दस्तगीरभाईंना वाईट वाटलं. सहा महिने डोळ्यांपुढून गेले.

मग त्यांनी तो पंख दोन बोटांत धरला आणि वाकवला. कट्‌कन अर्धा पंख हातात आला.

वैजयंतीबाईंनी पुन्हा पेन उचललं आणि दस्तगीरभाईंच्या नावापुढे एकच शब्द लिहिला: अनुत्तीर्ण. दस्तगीरभाईंनी तो कागद दोन्ही हातांनी घेतला. शाई ओली होती. त्यांनी हलकेच फुंकर घातली, पुन्हा घातली, आणि ती सुकेपर्यंत ते तिथेच उभे राहिले.