यशोदाबाईंच्या फळ्या

"आधी मला खुर्चीत बसवा, मग काढा फळ्या," यशोदाबाई म्हणाल्या.

मल्हारीभाऊ ऐकूनही न ऐकल्यासारखे दारात उभे होते. शेवटी मी, त्यांची शेजारीण, पुढे झाले आणि यशोदाबाईंना खुर्चीत बसवलं. पायांना सूज, दोन पावलं टाकली की धाप. बाहेर अंगणात सोमा उकिडवा बसला होता आणि डोकं वर करत नव्हता.

मल्हारीभाऊ सुतार. नाव मल्हारी आणि रविवारी देवळात पहिल्या बाकावर. आजोबांनी नाव ठेवलं, बाप्तिस्मा नंतर झाला. आमच्या ख्रिस्ती शरणपुरात कोणी गेलं की पुरायची पेटी तेच करायचे, आणि ती खोक्यांच्या देवदारी फळ्यांची. गोदामातून खोकी आणायची, उकलायची, पेटी ठोकायची, वर पांढरं कापड ताणायचं. सागाची पेटी आमच्यात कोणाला परवडणार?

पण यशोदाबाईंना सागाचीच हवी होती. त्यांची आई गेली तेव्हा त्या शाळकरी होत्या. कबरस्तानाच्या वाटेवर पाऊस आला, पेटीवरचं कापड भिजलं आणि खालची चहाच्या कंपनीची अक्षरं वर दिसायला लागली. मागून येणाऱ्या शाळेतल्या मुलींनी ती मोठ्याने वाचली. एवढीच गोष्ट, पण आयुष्यभर ती त्यांच्या मनातून गेली नाही. एरवी या बाईने नव्या लुगड्याचासुद्धा कधी हट्ट धरला नाही. दारात आलेला माणूस भाकरी घेतल्याशिवाय गेला नाही, मग स्वतःला उरो न उरो.

गंगापूर रोडला तेव्हा बंगले उठत होते. तिथलं एक जुनं घर पाडलं, त्याच्या छताखालच्या तक्तपोशीच्या सागवानी फळ्या मल्हारीभाऊंनी मजुरीऐवजी मागून घेतल्या. रंधा मारून खाटेवर अंथरल्या, वर गादी टाकली. यशोदाबाई त्यांवर झोपायच्या आणि येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायच्या, "माझं घर तयार आहे, फक्त खिळे मारायचे राहिलेत."

सोमा सुरगाण्याकडचा. दिवाळी झाली की बायको आणि लेक घेऊन नाशकात यायचा, मल्हारीभाऊ दारं बसवायचे त्याच बंगल्यांवर विटा वाहायचा, आणि पावसाच्या तोंडाला भात लावायला गावी परतायचा. अठ्ठ्याहत्तर सालच्या मे महिन्यातल्या त्या रविवारी त्याची चार वर्षांची लेक तापाने गेली. तिला गावच्या मातीत न्यायचं होतं, पण पेठ नाक्यावरचा जीपवाला उघडं प्रेत घेईना. आत बायापोरं दाटीवाटीने बसलेली, त्याचंही खोटं नव्हतं. पेटीत ठेव, मग घेतो, म्हणाला. बायको लेकीला मांडीवर घेऊन नाक्यावर झाडाखाली बसली आणि सोमा आमच्याकडे आला.

गोदाम रविवारचं बंद. घरात होतं ते लाकूड गिऱ्हाइकांचं, त्याला मल्हारीभाऊ हात लावणारे नव्हते. स्वतःचं म्हणावं असं लाकूड खाटेवरचंच.

"लहान पेटीसाठी लांब फळ्या कापल्या की संपलं," मल्हारीभाऊ हळू आवाजात म्हणाले. "मग त्यातून मोठी होत नाही."

"कळतं मला. सुताराची बायको आहे मी."

"उद्या गोदाम उघडेल."

"उन्हाळा आहे. उद्यापर्यंत त्या आईनं तशीच मांडीवर घेऊन बसायचं का?" त्यांना धाप लागली. दम खाऊन त्या पुढे म्हणाल्या, "सकाळी देवळात काय गाऊन आलात? देवानं आपल्यावर किती प्रीती केली ते. ती काय नुसती गायची?"

"देवाला आज दुसऱ्या कोणाचं घर दिसलं नाही?"

"दिसलं असेल. तिथं साग नसेल."

 मल्हारीभाऊंनी गादी गुंडाळून भिंतीला लावली आणि फळ्या अंगणात नेल्या. करवत चालत होती तोवर यशोदाबाई खुर्चीतून बघत होत्या. त्यांना मूल नव्हतं. पेटी झाल्यावर त्यांनी आपल्या उशीची खोळ काढायला लावली, स्वतः कशिदा काढलेली, आणि ती आत अंथरायला दिली.

"लय उपकार झालं, बाई," सोमा म्हणाला. त्याने पेटी खांद्यावर घेतली आणि पायवाटेने निघाला.

मल्हारीभाऊंनी भुसा झाडला. खाटेवर आता साध्या पट्ट्या होत्या, त्यांवर त्यांनी गादी पुन्हा घातली. "तुला आणीन मी दुसऱ्या," ते म्हणाले.

"आणा की. मला कुठं घाई आहे?"

घाई त्यांना नव्हती, त्यांच्या दुखण्याला होती. पावसाळ्यात जुनी घरं कोण पाडतं? मल्हारीभाऊ तरी सायकल घेऊन गावभर हिंडले, पण फळ्या मिळाल्या नाहीत, आणि गौरी-गणपतीत यशोदाबाई गेल्या.

पेटी खोक्यांचीच झाली. मी अंगणात बसून रंधा ऐकत होते. मल्हारीभाऊ खोक्यांवरची अक्षरं तासून काढत होते. शाई लाकडात मुरलेली, एक थर काढला की खाली पुसट दिसायचीच. ते पुन्हा रंधा मारायचे. पाळकसाहेब म्हणाले, "मल्हारी, वर कापड येणारच आहे," तरी ते थांबले नाहीत. एका फळीची अक्षरं काही केल्या जाईनात, ती त्यांनी तळाला घातली. कबरस्तानाच्या वाटेवर पाऊस आलाच. कापड भिजलं. मी डोळे फाडून बघत होते, काही उमटलं नाही. फळ्या मात्र रंधून इतक्या पातळ झाल्या होत्या की खांदा देणारे जपून पावलं टाकत होते.

त्यानंतर मल्हारीभाऊंनी देवळात यायचं सोडलं. पाळकसाहेब समजवायला आले तर त्यांना चहा दिला आणि रंधा पुन्हा हाती घेतला.

दिवाळी झाल्यावर एका सकाळी सोमा आला. मी भाजी द्यायला तिथेच होते. त्याच्या खांद्यावर तीच पेटी होती. त्याने ती जपून ओट्यावर ठेवली आणि झाकण उघडलं. पेटी नागलीने काठोकाठ भरलेली होती.

"आमच्यात पेटी नाय पुरत, भाऊ. लेकीला कापडातच ठेवली. पेटी नदीला धुतली, उनात वाळवली. तुमची वस्तू, तुमच्याकडं आली पायजे."

मल्हारीभाऊ पेटीकडे बघत राहिले. "अरे, मग तेव्हाच का नाही आणलीस?"

"रिकामी कशी आणू? त्या वक्ताला घरात दाणा नव्हता. म्हटलं, नागली निघू दे, भरून नेऊ." त्याने घरात डोकावून पाहिलं. "बाई कुठं हाय?"

मीच सांगितलं. सोमा ओट्यावर बसला. बराच वेळ तो पेटीच्या कडेवरून हात फिरवत होता.

"मग बाईंना बी अशीच केली आसल ना, सागाची?" त्याने विचारलं.

 मल्हारीभाऊंनी क्षणभरही वेळ लावला नाही.

"हो," ते म्हणाले. "अशीच."

सोमाने मान हलवली. त्याच्या तोंडावर जरा बरं वाटल्यासारखं दिसलं. मी पदर तोंडाला लावून भिंतीकडे वळले.

"विमलाबाई," मल्हारीभाऊ मला म्हणाले, "थोडी नागली दळता का? सोमा आज इथंच जेवेल. यशोदा असती तर तिनं त्याला तसा जाऊ दिला नसता."

ज्या पेटीतून प्रेत गेलं त्यातलं धान्य, खोटं कशाला सांगू, आधी माझ्या अंगावर काटा आला. मग मी परात आणि रिकामं पोतं आणलं, परात भरून घेतली आणि उरलेली पोत्यात ओतायला मल्हारीभाऊंनी पेटी तिरकी केली. सगळी नागली ओतून झाली तेव्हा तळाशी उशीची खोळ दिसली. धुऊन, चौकोनी घडी करून ठेवलेली.

मल्हारीभाऊंनी ती उचलली, झटकली आणि आत जाऊन यशोदाबाईंच्या उशीला चढवली. मग सोमाला हातपाय धुवायला पाणी काढून द्यायला ते मोरीकडे गेले.