पहिल्या नंबरचा हँडपंप

वडशात नाटक कंपन्यांच्या बोर्डांची अख्खी ओळच आहे. दिवाळी उरकली की झाडीपट्टीतल्या गावागावांची मंडळं मंडईच्या जत्रेसाठी नाटक ठरवायला इथे उतरतात. पूर्वी ही माणसं प्रत्येक ऑफिसात फुकटचा चहा पीत, नट्यांचे फोटो उलटसुलट न्याहाळत, नाकं मुरडत आणि दिवस मावळेपर्यंत कुठेतरी तारीख पक्की करून गाडीत बसत. इंदुताईंचं ऑफिस ओळीच्या पार टोकाला, पण त्यांना कधी कुणाची वाट पाहावी लागली नव्हती. उभी हयात स्टेजवर रडून त्यांनी नाव कमावलं होतं. त्यांनी हंबरडा फोडला की गावातली खाष्टातली खाष्ट सासूसुद्धा डोळ्याला पदर लावायची.

यंदाही मंडळं येत होती. फक्त ऑफिसात पाऊल न टाकता, रस्त्यापलीकडच्या हँडपंपापाशी जाऊन बसत होती.

आधी इंदुताईंना वाटलं, तहानली असतील बिचारी. मग मंडळवाल्यांनी चटया अंथरल्या, डबे सोडले, आणि एकाने तर पंपाच्या दांड्याला हार घातला, तेव्हा मात्र ताईंना राहवेना. चप्पल सरकवून त्या तडक तिथे गेल्या. मूलकडच्या एका गावचे वारलूभाऊ, मंडळाचे अध्यक्ष, पंपासमोर मांडी घालून बसले होते.

"काऊन बसले भाऊ इथी?"

"नाटक बुक कराले आलो बाई."

"मंग ऑफिसात या ना. हे काय, समोरच तर आहे."

वारलूभाऊंनी मोबाइलवरचा नकाशा पुढे केला. वडशातल्या नाटक कंपन्या शोधल्या की सगळ्यात वर जी खूण यायची, ती बरोबर या हँडपंपावर. "पाहा, याचा पहिला नंबर आहे. तुमचा चौथा."

"अवो, पन हा हँडपंप आहे!"

"ते दिसून राह्यलं मले. पन पहिला आहे ना."

इंदुताईंना काही सुधरेना. त्यांनी दिव्यानीला गाठलं. दिव्यानी कंपनीतली नाचणारी पोरगी, मोबाइलमध्ये तिचं डोकं बरं चालायचं. तिने सगळं उकलून सांगितलं. कुठल्याशा बुडालेल्या कंपनीच्या मालकाने इथे पाणी पिता पिता आपल्या ऑफिसची खूण चुकून इथेच लावली. पुढे येणाऱ्याजाणाऱ्यांनी पाणी पिऊन पाच-पाच स्टार दिले. कुणी लिहिलं, 'एकदम थंड', कुणी लिहिलं, 'परिवारासोबत जरूर या'. पंप वर चढला.

"आता तो वर आहे म्हनून लोक त्यालेच दाबतात, अन् लोक दाबतात म्हनून तो वरच राह्यते."

"अन् चौथ्याले कोन दाबते?"

"कोनीच नाई, ताई. तिथपर्यंत अंगठाच जात नाई कोनाचा."

त्यांच्या कंपनीतले पेटीवाले जंगूभाऊ दुसऱ्या कंपनीच्या मालकाशी गुळपीठ जमवताना दिसले होतेच. धान घरात येण्याआधी तारखा भरल्या नाहीत, तर एकेक कलाकार पांगणार आणि कंपनी बसणार. मग करायचं काय? घरात बसून वाल सोलायचे? त्यांना रडू फुटलं, आणि हे रडू बघायला समोर एकही माणूस नव्हता.

दुसऱ्या दिवशी त्यांनी टेबलखुर्ची उचलून थेट पंपाशेजारी मांडली. तिथे बसलेलं सिंदेवाहीकडचं मंडळ चिडलं. "बाई, बाजूले सरका. पहिल्याच्या जागेवर चौथ्यानं बसाव नाई." ताई म्हणाल्या, एक प्रयोग फुकट करते. त्यावर मंडळाने एकमेकांकडे असं पाहिलं, जणू चौथेपणाचा पुरावाच हाती लागला. शेवटी ताईंनी तिथेच, भर उन्हात, आपला तो प्रसिद्ध हंबरडा फोडला. पाणी भरणाऱ्या बाया घागरी ठेवून रडू लागल्या. मंडळाच्या सेक्रेटरीने डोळे पुसत म्हटलं, "रडनं झकास आहे बाई. पन अजून याचं काम पाह्यलो नाई ना आमी," आणि पंपाकडे बोट दाखवलं.

तेव्हा मात्र इंदुताईंचं डोकं फिरलं. कमरेला पदर खोचून त्या ओरडल्या, "हँडपंपाची तारीख पाह्यजे ना तुमाले? मी त्याची मॅनेजर आहो!"

"मंग पह्यलेच सांगाचं ना बाई!" कालपासून पलीकडे ठाण मांडून बसलेले वारलूभाऊ धावत आले. "हिरोचं काम करते का व्हिलनचं?"

"हिरोचं."

"गाते का?"

"दांडा हलवला तं गाते."

संध्याकाळपर्यंत अख्ख्या सीझनच्या तारखा भरल्या. सरकारी पंप काही उपटून नेता येत नाही, म्हणून ताईंनी भंगारवाल्या खुर्शीदभाईंकडून एक जुना पंप आणला आणि त्याला हिरवा रंग दिला. नाटकातल्या हिरोला त्यांनी पडदा ओढायला बसवलं. तो चार दिवस जेवला नाही. पंपाला संवाद काय द्यायचे, हा प्रश्नच आला नाही. दिव्यानीचं म्हणणं पडलं, कमी बोलणारा हिरो बायांना जास्त आवडतो.

पहिला प्रयोग वारलूभाऊंच्या गावी झाला. मांडवात मुंगी शिरायला जागा नव्हती. पडदा सरकला, पंप दिसला, आणि शिट्ट्यांनी कान बधिर झाले. शेवटच्या अंकात इंदुताई त्या पंपाच्या गळ्यात पडून अशा रडल्या, की आजवर कधी रडल्या नसतील. इतकं काम करून आपण चौथ्या, आणि हे लोखंड पहिलं, हे सगळं त्या रडण्यात बाहेर आलं. आयुष्यातलं सगळ्यात चांगलं काम आज झालं, हे त्यांना स्टेजवरच कळलं.

सकाळी गावाने पंपाला शाल पांघरली, पुढ्यात नारळ ठेवला. त्याच्यासोबत फोटो काढायला रांग लागली. वारलूभाऊंनी इंदुताईंना हळूच बाजूला घेतलं, हातात चहा दिला.

"राग नोका मानू बाई. हँडपंपाचं काम एक नंबर. अख्खं गाव रडलं त्याले पाहून." त्यांनी आवाज खाली आणला. "पन पुढच्या साली त्याच्यासंग एखादी बरी नटी द्या ना. तुमचं काम त्याच्यापुढं थोडं कमी पडून राह्यलं."

इंदुताईंच्या ओठांवर काहीतरी सणसणीत आलं होतं. पण सीझन अख्खा पुढे होता, आणि एकूण एक तारीख हँडपंपाच्या नावावर होती. त्यांनी मॅनेजरसारखे हात जोडले.

"बराबर आहे भाऊ," त्या म्हणाल्या. "पुढच्या साली दुसरी पाह्यते."

कंपनी वाचली.