सदऱ्याच्या खिशातला रेडिओ

डोमाजी चुटे यांना ऐकू येत नाही, ही गोष्ट बालाघाटात त्यांच्या गल्लीबाहेर फार थोड्यांना ठाऊक होती. बाकीचे त्यांना दिलदार समजत, कारण डोमाजी कुणालाच नाही म्हणत नसत.

राइस मिलमध्ये भात सडणाऱ्या हलरच्या धडधडीशेजारी मुकादमी करता करता त्यांचे कान बसत गेले होते. माणसांचं बोलणं जसजसं पुसट झालं तसतसे ते "हौ" म्हणू लागले. समोरच्याचे ओठ थांबले की हौ म्हणायचं, एवढा साधा हिशोब. नाही म्हणायला आधी समोरच्यानं काय विचारलं ते कळावं लागतं. हौला तसली अट नाही. या एका शब्दावर त्यांनी गल्लीतल्या सगळ्या मंडळांना गणपतीची वर्गणी दिली होती, आपली बैलगाडी ओळख नसलेल्यांच्या वरातीला धाडली होती, आणि मागच्या निवडणुकीत एकाच ओट्यावर बसून दोन्ही उमेदवारांना पाठिंबा दिला होता. दोघंही पडले. दोघंही अजून डोमाजींना आपला माणूस मानत.

थोरल्या मुलीच्या सोयरिकीत मात्र या शब्दानं घात केला. त्या भागात सोयरीक पाच माणसांसमोर बसते आणि मुलीच्या बापाच्या तोंडून निघेल तोच शब्द. बाप समोर असताना मामानं किंवा काकानं मध्ये बोलायचं नसतं. तो बापाचा अपमान. थोरलीचा सासरा एकेक वस्तू मागत गेला, डोमाजी हसतमुखानं हौ म्हणत गेले, आणि गोदाबाई दारामागे कपाळ धरून बसल्या. त्या लग्नात नवऱ्या मुलाच्या चुलत्यालासुद्धा छत्री मिळाली.

आता धाकटी अनुसया लग्नाची झाली होती. स्थळ खैरलांजीचं, बाप महागू मेंढे, मुलगा प्रेमलाल, मॅट्रिक पास. स्थळ आणलं होतं गोदाबाईंचा भाऊ मोतीलाल यानं. आणि यंत्राची खबरही त्यानंच आणली.

जबलपूरहून अरुंद रुळांच्या छोट्या गाडीनं एक साहेब आला होता. वर टाय आणि खाली चपला. स्टेशनजवळच्या लॉजमध्ये उतरून तो बहिऱ्यांना कान विकत होता. यंत्र म्हणजे विडीच्या कट्ट्याएवढी डबी. ती सदऱ्याच्या खिशात ठेवायची. तिच्यातून एक वायर निघून कानापर्यंत जाणार, आणि टोकाची गुंडी कानात बसणार. किंमत एका बऱ्यापैकी बैलाएवढी. अर्धे पैसे अनामत द्या, पंधरा दिवस वापरा, आराम पडला तर बाकीचे द्या, नाहीतर यंत्र परत, असा साहेबाचा बोल होता.

"बैलाच्या पैशात बैल येते," गोदाबाई म्हणाल्या. "तो नांगराले तरी जाते."

"ताई, बैल कोणाले नाही म्हणत नाही," मोतीलाल म्हणाला. "या यंत्रानं भाऊजी नाही म्हणतीन. थोरलीच्या लग्नात किती गेलं ते मोज, मंग बोल."

गोदाबाईंनी मनात मोजलं आणि ट्रंकेची किल्ली काढली.

साहेबानं गुंडी कानात बसवली, डबीवरचं चाक फिरवलं आणि विचारलं, "क्या सुनाई दिया?"

डोमाजींना ऐकू आला तो स्वतःचा सदरा. खिशातली डबी कापडाला घासत होती आणि कानात कुणी तांदूळ पाखडतंय असा आवाज येत होता. पुढचे दोन दिवस त्यांनी मुख्यतः सदराच ऐकला. मग हळूहळू सदऱ्यापलीकडलं येऊ लागलं: शेजारचा माणूस चहा फुर्रफुर्र पितो, कोंबड्या दिवसभर कशावरून तरी भांडतात, आणि आपण स्वतः जेवताना भलताच आवाज करतो. हे शेवटलं इतकी वर्षं घरात कुणी सांगितलं नाही, याचं त्यांना नवल वाटलं. गोदाबाईंच्या म्हणण्याप्रमाणे रोज सांगितलं होतं.

सुख असं काही नव्हतं. गुंडीनं कान खाजे. घाम आला की ती निसटे. मान वळवली की डबीतून शिट्टी वाजे आणि ओट्यावरचा कुत्रा उठून बसे. सेल बालाघाटात मिळत नव्हता. त्यासाठी गोंदिया गाठावं लागणार होतं. डोमाजी थोडा वेळ ऐकत आणि दमून चाक बंद करत. बंद केल्यावर जी शांतता येई, ती मात्र त्यांना पूर्वी कधी इतकी गोड लागली नव्हती.

"ठेवाचं का वापस कराचं?" गोदाबाईंनी विचारलं.

"सोयरीक होऊ दे," डोमाजी म्हणाले. "मंग पाहू."

खैरलांजीची मंडळी आली. मोतीलालनं सकाळपासून डोमाजींना तयार केलं होतं. वायर सदऱ्याच्या आतून घेतली आणि कानावरून दुपट्टा गुंडाळला. बाप बहिरा असल्याचं कळलं तर उद्या पोरीच्या पोटीही बहिरी लेकरं होतील, असं समोरचे धरून चालतील आणि सोयरीक मोडेल, ही त्याला धास्ती होती. पण बैठकीत उकडत होतं. पोह्यांच्या बशा फिरता फिरता डोमाजींनी घाम पुसायला दुपट्टा सरकवला, आणि व्याही व्हायला आलेल्या महागू मेंढ्यांचा घास हातातच राहिला.

"इवाई, हे कानात काय व्हय?"

डोमाजी तोंड उघडणार तेवढ्यात मोतीलाल म्हणाला, "रेडिओ जी! नवीन निघाला. एकट्यानं ऐकाचा."

मध्येच बोलल्याबद्दल त्याला कुणी टोकलं नाही, कारण सगळे वायरीकडे बघत होते. खैरलांजीत ट्रान्झिस्टर एकच होता आणि तो सगळ्या गावाला ऐकू जाई. एकट्याला ऐकू येणारा रेडिओ म्हणजे श्रीमंतीची कमाल होती.

"काय लागलं हाये?" महागूंनी अदबीनं विचारलं.

"नागपूर. बाजारभाव," मोतीलाल म्हणाला.

आपण बाजारभाव ऐकतो आहोत हे डोमाजींना असं कळलं. आता बोलावं तर मेहुणा पाच माणसांत खोटा पडतो. ते भाव ऐकल्यासारखे बसून राहिले. महागू थोडा वेळ त्यांच्याकडे पाहत राहिले, मग खात्री पटून मुलाकडे कलले.

"म्हातारा भावात गुंतला हाये," ते कुजबुजले. "आता सायकल काढतो. याची ख्याती हाये, कायलेही हौ म्हणते. हौ म्हटलं का घड्याळ."

"पण बाबा," प्रेमलाल म्हणाला, "मॅट्रिकचं त्याइले सांगाले पायजे ना? मी तं..."

"चूप बस. दोनदा परीक्षेले बसला तं पास झाल्यावानीच हाये."

समोर बसून मोठ्यानं बोललेलं ज्यांना अर्धं आयुष्य ऐकू आलं नाही, त्या डोमाजींना बाजूची कुजबुज अक्षरन् अक्षर ऐकू आली. राग यायला हवा होता. पण त्यांना पहिल्यांदा वाटलं ते हे, की हे असंच चालू राहावं. लोक आपल्यासमोर काय काय बोलत असतील याचा त्यांना कधी अंदाजच नव्हता.

महागूंनी घसा साफ केला. "मंग इवाई, पोराले एक सायकल तं द्याल ना?"

"नाही," डोमाजी म्हणाले.

दारामागे बांगड्या वाजल्या. महागूंना वाटलं, बाजारभाव पडले असावेत. ते म्हणाले, "बरं, घड्याळ?"

"नाही."

महागूंनी मोतीलालकडे पाहिलं. हा तोच माणूस का, असा त्या नजरेचा अर्थ होता. मोतीलाल छताकडे बघत आनंद लपवत होता. तो आनंद फार वेळ टिकला नाही.

"चला, जाऊ द्या," महागू मोठ्या मनानं म्हणाले. "सायकल सोडली, घड्याळ सोडलं. आमचा प्रेमलाल हौशी हाये. तो तुमच्या कानातला रेडिओ द्या, बस. सोयरीक पक्की."

बैठक एकदम खूश झाली. एवढ्या स्वस्तात सोयरीक तालुक्यात कुणाची झाली नव्हती. डोमाजींनी डबीवर हात ठेवला. दिलं तर आपण पुन्हा हौवर आलो, आणि जावई लग्नानंतर कानात गुंडी घालून स्वतःचा सदरा ऐकत बसणार. नाही दिलं तर खरं सांगावं लागेल.

"हा रेडिओ नोहे," ते म्हणाले. "मले ऐकू येत नाही. हे कानाचं यंत्र व्हय."

मोतीलालनं डोळे मिटले. पण महागू मेंढे हसले.

"वा रे इवाई! इतका वेळ माह्या एकेका बोलाचा जवाब देऊन राह्यले, अन् म्हणता बहिरा हावो? रेडिओ द्याचा नाही तं नका देऊ. पण त्याच्यासाठी बहिऱ्याचं सोंग कराचं? मी तं असा माणूस नाही पाह्यला!"

"सोंग नोहे जी."

"मंग काढा ते. पाहू तं द्या."

इथे डोमाजींचा इलाज खुंटला. आयुष्यभर लपवलेला बहिरेपणा आता सिद्ध करून द्यायची पाळी आली होती. त्यांनी गुंडी काढली, डबी काढली आणि महागूंच्या हातात दिली. बैठकीतले लोक पुन्हा नुसते ओठ हलवू लागले.

महागूंनी गुंडी कानात घातली. "खरखर हाये," ते म्हणाले. "टेशन लागत नाही." त्यांनी चाक फिरवलं, डबीनं शिट्टी घातली आणि ते जागच्या जागी दचकले. मग त्यांनी परीक्षा सुरू केली. डोमाजींच्या पाठीमागे जाऊन टाळी वाजवली. पितळी लोटा फरशीवर पाडला. डोमाजी हलले नाहीत.

"पक्का खेळाडू हाये," महागू लोकांना म्हणाले. आणि समोर येऊन बसले. "काहो इवाई, तुमची म्हैस नेऊ का आमी?"

ओठ थांबले. "हौ," डोमाजी म्हणाले.

लोक हसले.

"तुमी एक नंबरचे कंजूस हावा ना?"

"हौ."

"अन् तुमच्या बापानं तुमचं नाव येडा ठेवलं होतं?"

"हौ," डोमाजी म्हणाले, आणि सगळे हसत आहेत असं पाहून तेही थोडं हसले. प्रेमलाल बशीतले उरलेले पोहे एकेक करून वेचत होता.

तेवढ्यात दार उघडलं. सोयरिकीच्या बैठकीत मुलगी बोलावल्याशिवाय येत नाही, आणि बोलावल्यावर चहा घेऊन, मान खाली घालून येते. अनुसयाच्या हातात चहा नव्हता. ती सरळ महागूंपुढे गेली, त्यांच्या कानातली गुंडी ओढून काढली, मांडीवरची डबी उचलली, गुंडी पदरानं पुसली आणि बापाच्या कानात नीट बसवली. डबी सदऱ्याच्या खिशात टाकली. आली तशी आत गेली.

डोमाजींनी चाक जरा मागेपुढे करून पाहिलं.

"हं," ते म्हणाले. "आता बोला."

महागूंनी फरशीवरचा लोटा उचलून जागेवर ठेवला.

"मॅट्रिकचं कुजबुजले ना मघा," डोमाजी म्हणाले, "ते मोठ्यानं बोला. पाच माणसं हायेत, त्याइच्या समोर होऊन जाईल."

खैरलांजीच्या मंडळींना बसची आठवण झाली. बसला अजून बराच अवकाश होता, पण स्टॅण्डवर सावली चांगली आहे, असं महागू म्हणाले.

चार-पाच दिवसांनी मोतीलाल खैरलांजीहून आला तो हातवारे करतच. यंत्र कानात असूनही त्यानं सवयीनं आवाज लावला. "भाऊजी! ते तयार हायेत! सायकल नको, घड्याळ नको! फक्त मांडवात वायर दिसाले नको म्हणते! पावण्यारावळ्यात बोभाटा होईल म्हणते!"

शेजारचा माणूस चहा पिता पिता थांबला, हे डोमाजींना ऐकू आलं.

"एवढंच ना," गोदाबाई म्हणाल्या. "अजी, हौ म्हणून टाका. एक दिवस नाही घातलं तं काय होते?"

"अनुसयाले बोलव," डोमाजी म्हणाले.

अनुसया येऊन बसली. तिला कुणी काही विचारत नसे, आणि त्यात बापाचा दोष निम्माच होता. बहिऱ्या माणसाला खासगी काही सांगता येत नाही. जे सांगायचं ते ओरडून सांगावं लागतं, आणि ओरडून सांगितलेलं सगळी गल्ली ऐकते. त्यामुळे मुलींनी या बापाला आजवर फक्त जेवण झाल्याचं आणि पाणी आल्याचं सांगितलं होतं. अनुसया त्यांच्या खिशाजवळ वाकली. यंत्राचा कान तिथे असतो, हे तिला आपोआप समजलं होतं.

"मले ते घर नको, बाबा," ती इतक्या हळू म्हणाली की गोदाबाईंनी "काय म्हणते?" असं दोनदा विचारलं. "त्याचा बाप तुमाले बोलून राह्यला होता, अन् तो पोहे खाऊन राह्यला होता."

सदरा खरखरत होता, पण त्यातून तिचा शब्द निघून आला.

"मोतीलाल," डोमाजी म्हणाले, "त्याइले नाही सांग."

"भाऊजी, असं स्थळ पुन्हा..."

"नाही सांग."

गोदाबाई दोन दिवस बोलल्या नाहीत. डोमाजींना ते पहिल्यांदाच लगेच कळलं.

मुदत संपली तेव्हा ते लॉजवर गेले. साहेब सामान बांधत होता. त्यानं यंत्र परत घ्यायला सवयीनं हात पुढे केला आणि विचारलं, "कहिए, आराम पडा?"

"आराम कायचा जी," डोमाजी म्हणाले. "कान खुजाते, घाम येते, शिट्टी वाजते. अन् जे ऐकू येते ते बहुतेक ऐकण्यासारखं नाही."

"तो वापस?"

डोमाजींनी बाकीचे पैसे साहेबाच्या पेटीवर ठेवले, आणि सोबतचे जादा सेल किती मिळतील ते विचारलं.

साहेबानं भाव सांगितला. डोमाजी नाही म्हणाले, आणि घासाघीस करत बसले.