जाते म्हणायचं नाही

आमच्या वाडीत घरातून निघताना कुणी 'जातो' म्हणत नाही, 'येतो' म्हणायचं. एखादा पाहुणा चुकून 'जातो' म्हणाला, तर माझी आई, साळूबाई, त्याला परत बसवून पाणी पाजते. मीही रोज 'येते' म्हणून डोंगर उतरते आणि खालच्या कापडे गावात महाडच्या कारखान्याची बस धरते.

मी पुण्यात कृष्णविवरं शिकत होते. आईला एकदा चुलीपाशी समजावलंही होतं. मोठ्या ताऱ्याच्या पोटातली आग त्याचं वजन तोलून धरते. ती विझली की गाभा आपल्याच भाराने आत कोसळतो. वजन तेवढंच, पण जागा इतकीशी होते की त्याच्या अगदी जवळ जाता येतं, आणि तिथे ओढ भयंकर असते. लांबचे तारे मजेत त्याच्याभोवती घिरट्या घालतात. जवळ मात्र एक सीमा असते. ती ओलांडली की उजेडसुद्धा परत फिरत नाही.

"वलांडताना कळतं काय गो?" आईने विचारलं.

विवर फार मोठं असलं तर काही जाणवत नाही, असं मी सांगितलं होतं.

पुढे वडील गेले, आई गोठ्यात पडून तिचं खुब्याचं हाड मोडलं. भाऊ नीलेश मुंबईहून म्हणाला, आई चालती होईपर्यंत तू थांब. स्वतः शिमग्याला नि गणपतीला येतो, पोटभर जेवतो, जातो. घिरट्या म्हणतात त्या ह्याच. मी औद्योगिक वसाहतीत नोकरी धरली. राग यायचा, पण आईवर काढवत नव्हता.

आता पुण्याच्या सरांनी जागा राखली होती. आज हजर झाले नाही तर ती दुसऱ्याला जाणार होती. म्हशी शेजारचा भैरूकाका बघणार होता. आई तर काठीशिवाय अंगणाच्या टोकापर्यंत आली. थांबायला कारणच उरलं नव्हतं.

"आज येते म्हनू नको," ती म्हणाली. "जाते म्हन. नायतर तुझा पाय मागं वळंल."

मी तोंड उघडलं.

"येते," म्हटलं.

आईने मान फिरवली.

कापड्याला कारखान्याचीच बस आधी आली. पोलादपूरला उतरून पुण्याची गाडी धरीन म्हणत मी पिशवीसकट चढले. पोलादपूरच्या स्टँडवर ती गाडी उभी होती. ड्रायव्हरने पिशवी बघून विचारलं, ताई, उतरायचंय काय? मी नाय म्हटलं.

बस महाडकडे निघाली. मला रडूसुद्धा आलं नाही, आणि त्याचीच मला भीती वाटली. कुठेच काही जाणवलं नव्हतं.