एकोणीस खिळ्यांचं फूल

मित्रांनो, माझ्या पोटाशी एकोणीस खिळे आहेत. कितीही मोजा, विसावा सापडायचा नाही. तो कुठे गेला ते सांगेनच, पण आधी ओळख करून देतो. मी एक जुना चेकिच आहे, म्हणजे नानवर उमटवायचा लाकडी ठसा. वर मुठीत मावेल एवढा दांडा आणि खाली फुलासारखे गोल बसवलेले बारीक खिळे. तंदूरच्या भिंतीला नान चिकटवण्याआधी तिच्या मधोमध मला दाबतात. मी नुसती नक्षी काढतो असं समजू नका हं! टोचायचं राहिलं तर नानचं पोट फुगतं, ती भिंत सोडते आणि सरळ निखाऱ्यांत जाऊन पडते. टोचून घेणं कुणालाच आवडत नाही, पण टोचलेली नानच भिंत धरून राहते.

उझगेनजवळच्या एका गावात सातार नावाचे सुतार राहत होते. पाळणे करण्यात त्यांचा हात धरणारा कुणी नव्हता. एका पाळण्यातून उरलेल्या अक्रोडाच्या लाकडातून त्यांनी मला घडवलं, ते आपल्या बारा वर्षांच्या लेकीसाठी, बुरुलसाठी. तेव्हा मला पुरते वीस खिळे होते आणि त्याचा मला ताठाही होता. पण पहिल्याच महिन्यात बुरुलच्या चार नान निखाऱ्यांत पडल्या. तिनं सगळा राग माझ्यावर काढला आणि मला दगडावर आपटलं. एक खिळा उडाला तो कायमचाच. मग स्वतःच रडत वडिलांकडे गेली.

वडीलधाऱ्या पुरुषाला आमच्याकडे 'आता' म्हणतात. सातार आतांनी मला उलटंसुलटं पाहिलं आणि म्हणाले, "राहू दे गं. आता गावात कुणीही ओळखेल, ही बुरुलची नान."

आणि तसंच झालं. एक पाकळी कमी असलेलं फूल दिसलं की लोक म्हणत, सातारच्या लेकीची नान आली. बुरुल सासरी गेली तेव्हा मीही रुखवतात गेलो. तिला मुलगी झाली. नवरा कामाला रशियात गेला आणि तिकडेच वारला. छोट्या आयजानला घेऊन ती माहेरी परत आली, तेव्हा तिच्या बोचक्यात सगळ्यात वर मी होतो.

त्या वर्षी पाटापलीकडच्या तुर्सुनाय आपा रोज यायच्या. गुडघे दुखत असले तरी यायच्या. गाजरं सोलायच्या, आयजानची वेणी घालायच्या, आणि निघताना बुरुलच्या डोक्यावर हात ठेवून प्रभू येशूकडे प्रार्थना करायच्या. आपांच्या घरी दर रविवारी दहाबारा माणसं प्रार्थनेला जमत. हळूहळू बुरुलही तिथे जाऊ लागली, आणि एके दिवशी तिनं प्रभूला आपलं मानलं. वडिलांना मात्र तिनं भीतभीतच सांगितलं. सातार आता बराच वेळ रंधा मारत राहिले. मग म्हणाले, "मी माझ्या वाटेनंच नमाज पढणार. तू तुझं बघ. पण नान पहिल्यासारखीच करायची."

रविवारी प्रभुभोजनाला, म्हणजे येशूच्या आठवणीत सगळ्यांनी मोडून खायची नान बुरुल भाजू लागली. मित्रांनो, आयुष्यात मी हजारो नान टोचल्या असतील, पण त्या एका नानवर उतरताना मला माझा गहाळ खिळाही आठवत नसे. गावात कुजबुज होती, पण उघड कुणी विचारत नव्हतं. झाकली मूठ होती ती.

मग सातार आता वारले.

अंगणात तंबू उभा राहिला. आमच्याकडे मयताच्या घरी बायका तंबूत बसून गेलेल्याचे गुण गात रडतात, आणि मुलगे बाहेर काठीवर रेलून रडतात. बापासाठी गाऊन रडणं हा लेकीचा मान. बुरुल तंदूरपाशी पाहुण्यांसाठी नान भाजत होती, एवढा घाणा काढला की तंबूत जायचं होतं. तेवढ्यात गावातले सगळ्यात वडीलधारे ओरोझ आता तिथे आले. मागे बुरुलचा भाऊ एसेन मान खाली घालून उभा होता.

"सरळ विचारतो, बाई," ओरोझ आता म्हणाले. "लोक म्हणतात तू त्या येशूवाल्यांतली झालीस. तसं असेल तर तंबूत बसू नकोस. मयतीत भांडण नको मला."

बुरुलनं एकदा तंबूकडे पाहिलं. आतून बायकांचा आवाज येत होता. तिनं कानावर हात ठेवले.

"छे, ओरोझ आता! त्या घरी मी फक्त नान पोचवते. त्या लोकांशी माझा काय संबंध?"

"मग नान हातात घेऊन सांग."

आमच्याकडे नान जमिनीवर पडली तर उचलून कपाळाला लावतात, उलटी कधी ठेवत नाहीत. नानची शपथ म्हणजे शेवटचा शब्द. बुरुलनं ढिगातली एक गरम नान उचलली. वर माझंच फूल होतं, एक पाकळी कमी असलेलं. ती कपाळाला लावून ती म्हणाली, "खोटं बोलत असेन तर नान मला मारो."

त्याच वेळी फाटकातून तुर्सुनाय आपा आत येत होत्या, सांत्वनाला. त्यांनी ऐकलं, आणि बुरुलनं त्यांना ऐकताना पाहिलं. आपांनी हातातलं दुधाचं भांडं ओट्यावर ठेवलं आणि त्या माघारी वळल्या. तंदूरमध्ये धप्प आवाज झाला. एक नान निखाऱ्यांत पडली होती. घाईत बुरुल तिला टोचायला विसरली होती, एवढंच कारण; पण तिचा चेहरा पांढराफटक पडला. नान काढायला तिनं हात घातला आणि कोपरापर्यंत भाजून घेतला.

बापासाठी ती तंबूत बसून रडली. बायका म्हणाल्या, असं रडणं गावानं ऐकलं नव्हतं. कशासाठी रडत होती, ते मला माहीत होतं.

पुढच्या रविवारी ती नान घेऊन आपांकडे गेली खरी, पण मोडलेल्या नानचा घास तोंडात घेतला आणि तो गिळताच येईना. उठून चालती झाली. हे मी पाहिलेलं नाही, नंतर ऐकलेलं सांगतो. मी पाहिलं ते इतकंच, की घरी येऊन तिनं मला मागच्या खोपीत, सर्वांत वरच्या फळीवर फेकलं.

त्यानंतर तंदूर पेटला नाही. गावातली सगळ्यात चांगली नान करणारी बाई बाजारातून नान विकत आणू लागली! माझे खिळे गंजले. दांड्यावर कोळ्यानं बिऱ्हाड केलं. एका उंदरानं माझी चव घेऊन पाहिली, आवडली नाही त्याला, हे नशीब. पण मित्रांनो, माझ्या हालांचं मला एवढं वाटलं नाही. खालून बुरुलचं बोलणं ऐकू यायचं, त्यानं जीव तुटायचा. आपा तीनदा आल्या, तिन्ही वेळा ती आयजानला म्हणाली, "सांग, आई घरी नाही." मग एकटीच पुटपुटायची, "नानची खोटी शपथ घेतली मी. नाननं मारलं मला. देव आता माझं तोंडही बघणार नाही."

बर्फ वितळून पाटाला पाणी आलं, तेव्हा आपा चौथ्यांदा आल्या. या वेळी पुढच्या दारानं न येता थेट खोपीत आल्या. बुरुल तिथे लाकडं रचत होती. पळायला वाटच नव्हती.

"घरी नाहीस ना?" आपा म्हणाल्या. "बरं झालं. मग मी बोलते ते भिंतीलाच बोलते." आणि त्या लाकडांवर बसल्या.

बुरुलनं बाही वर करून हात दाखवला. "हे बघा, आपा. नाननं मारलं."

"वेडी कुठली! तंदूरनं भाजलं ते. तंदूर सगळ्यांना भाजतो. मला सहादा भाजलंय, मी काय सहा शपथा घेतल्या होत्या?"

बुरुलला हसू आलं आणि हसताहसता रडू फुटलं. "मी प्रभूला ओळखत नाही म्हटलं. ते तुमच्या कानांनी ऐकलंत तुम्ही."

"ऐकलं. आणि रागानं गेले मी. रविवारपर्यंत तुझं नावसुद्धा प्रार्थनेत घेतलं नाही. त्याची क्षमा मलाही मागावी लागली." आपा गुडघा चोळत राहिल्या. "प्रभूचा अगदी जवळचा शिष्य होता ना, प्रभूला पकडून नेलं त्या रात्री शेकोटीपाशी बसून तोही तीनदा म्हणाला, मी नाही ओळखत. बापाची मयत पण नव्हती त्याच्यापुढे. प्रभूनं त्याला टाकलं का? मेलेल्यांतून उठल्यावर त्यानंच आधी विस्तव पेटवून त्याला खायला घातलं, आणि मग आपली माणसं सांभाळायचं काम दिलं."

"मला कुठे काम देणार तो आता?"

आपा उठल्या. हात उंचावून मला खाली काढलं, फुंकर मारली, कोळ्याला हलकेच बाजूला केलं. "काय दशा केलीस गं सातारच्या हातच्या वस्तूची! याला तेल लावायला हवं. मी नेते." आणि मला पिशवीत टाकून निघाल्यासुद्धा. म्हातारी मोठी हुशार, मित्रांनो. वडिलांची आठवण कुणी उचलून नेली, तर लेक मागे आल्याशिवाय राहील का?

बुरुल पाट ओलांडून धावत आली. दारातून आत पाऊल टाकलं आणि ती खिळून उभी राहिली.

समोरच्या भिंतीवर एक नान टांगलेली होती. लाकडासारखी वाळलेली, एका बाजूनं मोडलेली. मधल्या फुलाला एक पाकळी कमी होती. आमच्याकडे घरातलं माणूस लांब जायला निघालं की नानचा एक घास खातं, आणि उरलेली नान भिंतीवर टांगून ठेवतात. ते परत येऊन ती खाणार, तोवर तिला कुणी हात लावत नाही.

"तू घास तोंडात घेऊन गेलीस ना त्या रविवारी?" आपा म्हणाल्या. "उरलेल्यातला घासघास आम्ही सगळ्यांनी घेतला आणि बाकीची टांगली. प्रार्थनेला आलं की सगळे आधी तिच्याकडे बघतात. परत आलेल्या माणसाला दार उघडायचं की नाही, हे आपण ठरवायचं नसतं. ते प्रभूनं केव्हाच ठरवलंय."

बुरुल त्या नानखाली जमिनीवर बसली. मोठ्यानं, आडपडदा न ठेवता तिनं प्रभूकडे क्षमा मागितली. मग आपांनी नान उतरवली. चहात भिजवून भिजवून बुरुलनं ती सगळी खाल्ली. दात दुखले असतील, पण या वेळी घास गिळता आला. मी तेलाच्या वाटीत पडून बघत होतो.

"आता पुढच्या रविवारची नान तूच आण," आपा म्हणाल्या.

बुरुल म्हणाली, "आणीन. पण त्याआधी एक नान दुसरीकडे न्यायचीय."

तिनं ते मनात आणलं, तेव्हा तिच्यापुढे काय होतं ते सांगतो. वडिलांची बरसी, म्हणजे वर्षाच्या आठवणीचं जेवण, जवळ आली होती; अंगणात पुन्हा तंबू उभा राहणार होता. खरं बोललं तर तंबूत बसणं गेलं, आणि मेल्यावर वडिलांच्या कबरीशेजारी मातीत जागा मिळायची तीही गेली. आपांनी तिला जा म्हटलं नाही, जाऊ नकोही म्हटलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी तंदूर पेटला. माझे खिळे नव्या नानमध्ये उतरले, तेव्हा बुरुलच्या हाताचा दाब पुरेसा होता. एकही नान पडली नाही. मला तसंच एप्रनच्या खिशात ठेवून ती ओरोझ आतांच्या अंगणात गेली. एसेनही तिथे बसला होता.

तिनं नान हातात धरली. "ओरोझ आता, त्या दिवशी नान हातात घेऊन मी तुमच्यापुढे खोटं बोलले. आज नान हातात घेऊन खरं सांगते. मी येशूची आहे. माझ्या वडिलांना माहीत होतं."

"झालं!" एसेन उसळून उठला. "गावात तोंड दाखवायची सोय ठेवली नाहीस."

ओरोझ आतांनी हातानंच त्याला बसवलं. तिच्या हातून नान घेतली. "मला वाटलंच होतं," ते म्हणाले. "नान थरथरत होती तुझ्या हातात. बापाचं मढं घरात असताना लेकीला शपथ घालायला नको होती मी." मग त्यांनी नान मोडली, एक तुकडा खाल्ला, एक एसेनपुढे सरकवला. "तंबूत बसायचं म्हणशील, तर गाव ऐकायचं नाही. मातीचंही आज काही सांगत नाही. पण सातारच्या वर्षाला नान तूच भाजायची. बाजारातली नान त्याच्या नावानं मी खाणार नाही."

एसेननं तो तुकडा लगेच उचलला नाही. पण नान टाकून उठणं आमच्याकडे कुणाला जमत नाही. शेवटी त्यानं खाल्ला.

बरसीला बुरुल तंबूत नव्हती. ती तंदूरपाशी उभी राहून भाजत होती आणि वडिलांचे गुण गात रडत होती, सगळ्या अंगणाला ऐकू जाईल अशी. थोड्या वेळानं एसेनची बायको तंबूतून बाहेर आली, शेजारी बसली आणि पिठाचे गोळे करू लागली. गाण्याचा दुसरा आवाज तिचा होता.

आता मी दर रविवारी कामावर असतो. आयजान मला नवा खिळा बसवू म्हणाली होती, तिच्या आईनं बसवू दिला नाही. मित्रांनो, तुमच्याही घरात एखादी वस्तू फळीवर गंजत पडली असेल, तर तिला थोडं तेल लावा. आणि एखादं माणूस चुकून, शरमून दूर गेलं असेल, तर त्याचा वाटा कुणाला देऊ नका.

तुर्सुनाय आपांच्या भिंतीवर ती नान टांगली होती, तो खिळा सध्या रिकामा आहे. परवा कुणीतरी तो काढायला निघालं, तर आपा त्याच्यावर ओरडल्या. "राहू दे तिथेच," म्हणाल्या. "उद्या मलाच लागला तर?"