अर्धं सूत

"चावा." डॉक्टरांनी सुताराच्या दातांमध्ये निळ्या कागदाची पट्टी सरकवली. "आता उघडा."

त्याने तोंड उघडलं. डॉक्टरांनी पट्टी काढून ट्रेमध्ये टाकली आणि तिच्याकडे न बघताच त्या कॉम्प्युटरकडे वळल्या.

पडद्यावर त्याचा जबडा गोल फिरत होता. सहा महिन्यांपूर्वी गाठीसकट खालचा जबडा काढून त्या जागी त्याच्याच पायाच्या हाडाचे तीन तुकडे जोडले होते. आता त्यांत इम्प्लांट रोवून वर दात बसवले होते. हाड कुठे कापायचं, किती तिरकं, सगळं कॉम्प्युटरने आधीच ठरवलेलं. निळा होता तो आराखडा, पिवळा खरा जबडा. एकावर एक ठेवल्यावर पिवळा जेमतेम दिसत होता.

"बघा काकू, तंतोतंत!"

स्टुलावर बसलेल्या बायकोने मान हलवली. तिला त्यातलं ओ की ठो कळत नव्हतं. तिचा गोंधळ वेगळाच होता. जन्मभर खुसपटं काढत आलेला हा माणूस ऑपरेशनपासून कशालाच नावं ठेवत नव्हता. सूप आळणी झालं, "चालेल." कपाटाचं दार लोंबायला लागलं, "चालेल." जाऊबाई म्हणाल्या, सुटलीस एकदाची! असेलही. पण तिला कधी वाटे, आपण दवाखान्यातून भलत्यालाच घरी घेऊन आलो. कधी वाटे, ह्यांनी जगण्यातूनच मन काढून घेतलंय. तिला भीती वाटत होती, आणि नवरा कुरकुरत नाही ही तक्रार करायची तरी कुणाकडे?

"काका, कसे वाटतायत दात?"

सुताराने दोनदा दात मिटून पाहिले. अंगठा हनुवटीवरून सावकाश फिरवला.

"अर्धं सूत डावीकडे गेलंय."

"काय गेलंय?"

"दात. अर्धं सूत." मग डॉक्टरांची कीव आल्यासारखा म्हणाला, "म्हणजे तुमचे दीड मिलिमीटर."

डॉक्टर हसल्या. हसतच त्यांनी मोजमापांचा तक्ता उघडला आणि आकडा दोनदा वाचला. डावीकडे एक पूर्णांक चार.

"एवढा फरक धरलेलाच असतो, काका. ह्याला अचूकच म्हणतात."

"तुमच्यात म्हणत असतील. मी असं दार गिऱ्हाइकाला दिलं नसतं."

डॉक्टरांनी ट्रेमधली पट्टी उचलून उजेडात धरली. डावीकडे कागदाला भोकं पडली होती. उजवीकडे कोरा.

मागून हुंदका आला. डॉक्टर गडबडून वळल्या.

"काकू, रडू नका. हाडाला हात लावायची गरज नाही. दात थोडे घासले की बसतील नीट."

"रडत कुठे आहे मी?" तिने नाक पुसलं. "अजून काय काय चुकलंय, तेही विचारून घ्या ना त्यांना."